एकोणनव्वदावा वेढा

आमच्या सोसायटीत एक बातमी पक्की मानली जायची: तळमजल्यावरच्या श्यामलाकाकू स्पीकर चाटतात.

बातमी आणली यज्ञेश्वर आजोबांनी. आजोबा सोसायटीचे सेक्रेटरी. पंपाचं बटण बंद करायला रोज सकाळी खाली जातात आणि वर येताना काही ना काही घेऊन येतात. "स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं हो! जीभ लावली. त्या काळ्या पुठ्ठ्याला! आणि वर 'शी' म्हणाली. आता मला सांगा, शी आहे हे कळण्यासाठी चाटायची काय गरज होती?" आजोबांचा आवाज काढायला अगदी सोपा. प्रत्येक वाक्य संपलं की ते थोडी हवा आत ओढतात, सायकलच्या पंपाचा दांडा वर घ्यावा तशी. एवढी हवा ओढली की निम्मे आजोबा तयार.

तर ही बातमी खोटी आहे. काकू स्पीकर चाटत नाहीत. त्या ओठ लावतात. तोसुद्धा फक्त वरचा, आणि पुरता टेकवतही नाहीत. मी तीन वर्षं बघते आहे, जीभ एकदाही बाहेर आलेली नाही. उलट त्या ज्या तोंडाने स्पीकरकडे बघतात ते पाहून कुणालाही वाटेल, की हिला ह्या वस्तूशेजारी बसायचीसुद्धा किळस येते.

ते मात्र खरं आहे.

श्यामला परचुरे, वय सदुसष्ट, नारायण पेठ. पंपाच्या खोलीला लागून एक अरुंद खोली आहे, पूर्वी वॉचमन राहायचा. तिथे त्या स्पीकर दुरुस्त करतात. नवरा वर पहिल्या मजल्यावर टीव्ही लावून शब्दकोडं सोडवतो. टीव्हीचा आवाज सहन होत नाही म्हणून ह्या सकाळी नऊला खाली येतात. दाराबाहेर पांढऱ्या पत्र्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी आहे: "येथे स्पीकर दुरुस्त होतात. माणसे होत नाहीत." खाली देवनागरी आकड्यांत फोन नंबर. नंबरात तीन नऊ आहेत आणि तिन्ही नवांच्या शेपट्या खाली जाऊन पुन्हा वर वळतात, अंगाखाली शेपूट घेऊन बसलेल्या मांजरीसारख्या.

मी दुसऱ्या मजल्यावर राहते, अकरावीत आहे, आणि लोकांचे आवाज काढते. काकू मला साळुंकी म्हणतात. कौतुकाने नाही. "साळुंकी आली. आता हिच्यादेखत शिंकायचीसुद्धा सोय नाही."

त्यांच्याकडे मी जाते ती त्यांच्या शीसाठी. अख्ख्या पेठेत इतकी चांगली शी कुणाकडे नाही. रोजच्या वापराची शी आखूड असते, जिभेवर केस आल्यासारखी: ओली छत्री आत आणली, शी. कुणी "हॅलोऽ, एनीबडी?" करत दारात आलं, शी. दुसरी लांबते, तिला शेपूट असतं, आणि ती चालू असताना डोळे मिटलेले असतात. ती दुसऱ्या दुरुस्तीवाल्यांच्या कामासाठी राखून ठेवलेली आहे. फाटलेल्या कोनाला कुणी फेव्हिक्विक लावलेलं दिसलं, की शीऽऽऽ. पार्किंगमधल्या स्कूटरवर बसलेलं मांजरसुद्धा खाली उतरतं. तिसरी मी फक्त दोनदा पाहिली होती. पाहिली म्हणते, कारण ती ऐकू येत नाही. वरचा ओठ जेमतेम केसभर वर जातो, नाकपुडी एकच हलते, डावी, आणि समोरचा माणूस आपण होऊन आपली पिशवी उचलून निघून जातो.

पहिल्या दोन मला बिनचूक येत होत्या. जिन्यात मी त्या करून दाखवायचे आणि माझा भाऊ आमोद कठड्याला धरून हसायचा. तिसरीला आवाजच नाही, त्यामुळे तिच्यावर मी अडले होते.

ओठांचं प्रकरण काय, ते मी एकदा सरळ विचारलं.

"हडपसरला स्पीकरची फॅक्टरी होती," काकू म्हणाल्या. "एकोणीस वर्षं होते मी तिथे. हॉलच्या एका टोकाला पत्रा दाबायचा प्रेस. धाड, धाड, धाड. त्यात आवाज काय ऐकणार, कपाळ? आणि आम्ही बनवायचो काय, तर आवाज. मग तपासायचं कशाने?"

"ओठाने?"

"बोटं डिंकाने मेलेली असायची. ओठ राहतो तेवढा जिवंत."

मग त्यांनी एक उघडा स्पीकर पुढ्यात ओढला आणि, एखाद्याला मेलेलं झुरळ दाखवावं त्या चेहऱ्याने, दाखवला. स्पीकरमध्ये दिसतो तो काळा कागदी द्रोण, त्याला कोन म्हणतात. कोनाच्या बुडाशी कागदाची नळी. नळीवर तांब्याची केसासारखी तार गुंडाळलेली असते, ती कॉइल. ही नळी लोहचुंबकाच्या फटीत मागेपुढे हलते आणि कोनाला हलवते. नळी फटीत सरळ बसली नाही तर घासते. दोन अंगठ्यांनी कोन हलकेच दाबायचा, कडेशी ओठ न्यायचा. घासत असेल तर ओठाला मुंगी चालल्यासारखं होतं.

"आणि नसेल घासत तर?"

"तर काही होत नाही. काही झालं नाही की समजायचं, चांगलं आहे."

काकूंचं सगळं असंच आहे. त्यांनी केलेलं कौतुक कुणी ऐकलेलं नाही. शी आली नाही, की तेच कौतुक.

फॅक्टरीत जायला लागल्या तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. पेठेतली सून, सकाळी साडेसहाला डबा घेऊन कंपनीच्या बसला उभी. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची श्यामला ऑफिसात आहे." एकदा काकूंच्या नखात वाळलेला डिंक दिसला आणि ऑफिस संपलं. "गोंद लावायला जातेस?" हे वाक्य म्हणताना काकू सासूबाईंचा आवाज काढतात. चांगला काढतात. मला जरा रागच आला.

फॅक्टरीत एका स्पीकरला एक बाई, अशी रीत होती. तीच तार गुंडाळणार, तीच कोन चिकटवणार, तीच कडेला बोटाने लाखेचे ठिपके लावणार. काकूंचं काम तपासणीचं. त्यांच्या शेजारच्या टेबलावर मांजरी गावच्या सोजरबाई. दुपारी दोघींचे डबे एकत्र. अजूनही महिन्यातून एकदा फोन होतो आणि तो अख्ख्या पार्किंगला ऐकू जातो, कारण सोजरबाईंना वाटतं हडपसरचा प्रेस अजून चालू आहे.

आता आमोद. आमोद सत्तावीस वर्षांचा, हिंजवडीला कंपनीत. सकाळी बसमध्ये दीड तास, संध्याकाळी बसमध्ये दोन तास, आणि घरी आला की बूटसुद्धा न काढता गिटार. ही गिटार त्याने कॉलेजात असताना दोन वर्षं आठवीच्या पोरांना गणित शिकवून मिळवलेली. तपकिरी, कोपऱ्यात टवका उडालेली. ती दिवसातून एकदा हातात घेतली नाही तर तो जेवताना आमटीकडे बघत बसतो.

गिटार अॅम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला लावायची, अॅम्पमध्ये स्पीकर. आणि आमोदला गेल्या वर्षभरात असा रोग जडला होता, की आपण वाईट वाजवत नाही, आपला स्पीकर वाईट आहे.

एप्रिलमध्ये त्याने ऑफिसातल्या मित्राचा एक कोरा स्पीकर चार दिवस मागून आणला आणि काकूंना ऐकवला. मातकट लेबल, कडा मुद्दाम उडवलेल्या, जाळीचं कापड आधीच पिवळं.

"हा वापरलेला आहे?" काकूंनी विचारलं.

"नवा आहे काकू. व्हिंटेज स्टाइल."

"म्हणजे काय?"

"म्हणजे नवाच, पण जुन्यासारखा. दिसतो जुना, आवाजही जुना."

काकूंनी त्याला दोन मिनिटं वाजवायला लावलं. मग डोळे मिटले. मला कळलं, लांब येणार. आलीच.

"शीऽऽऽ! पंचविशीतल्या पोराने काठी टेकत चालावं, तसा आहे हा. खोकतोसुद्धा खोटं."

त्या दिवसापासून सोसायटीला एक शिवी मिळाली. कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलात भिंतीवर जातं टांगलेलं दिसलं, तर व्हिंटेज स्टाइल. यज्ञेश्वर आजोबांनी मिशी काळी केली, तर ती त्या उलट्या बाजूने, पण व्हिंटेज स्टाइल. पाकिटातला मसाला घातलेल्या आमटीला काकूंनी आमच्या आईसमोर तोंडावर व्हिंटेज स्टाइल म्हटलं आणि आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

आणि मग रविराज उगवला.

रविराज आमोदला कुठल्याशा ग्रुपवर भेटला होता. जुनी वाद्यं, अॅम्प, स्पीकर, असलं विकतो, बदलून देतो. त्याच्याकडे म्हणे विलायतेचा एक बारा इंची स्पीकर होता, साठ-सत्तर सालचा, एकदाही न उघडलेला. असा स्पीकर भारतात मिळत नाही. आणि रविराजला बदल्यात हवी होती आमोदची गिटार.

"गिटार दिल्यावर त्या स्पीकरमधून वाजवणार काय?" मी विचारलं.

"ऑफिसातला एक जण त्याची जुनी देणार आहे," आमोद म्हणाला. असं बोलताना तो आमटीकडेच बघत होता.

काकूंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे गळा विकून भोंगा घ्यायचा." पण रविवारी अकरा वाजता खोली वापरायला त्यांनी नाही म्हटलं नाही. आमोदचा, मित्राचा आणि रविराजचा असे तिन्ही स्पीकर एकाच खोक्यात आळीपाळीने लावून ऐकायची सोय दुसरीकडे नव्हती.

रविवारी रविराज आला. गॉगल डोक्यावर, दाढी कोरलेली, आणि काखेत बाळाला धरावं तसा दुपट्यात गुंडाळलेला स्पीकर.

"हाय आंटी!"

"आंटी कोण?" काकू म्हणाल्या, आणि आखूड शी झाली. माझी रविवारची सुरुवात झाली.

रविराजचं बोलणं म्हणजे मेजवानी होती. "आमोद ब्रो, आय अॅम टेलिंग यू, हा टोन तू ऐकलाच नाहीयेस. वॉर्म आहे. क्रीमी आहे. मिड्स असे ब्लूम होतात ना, बंदा रडतो, ब्रो."

"क्रीम कशात आहे?" काकूंनी विचारलं.

"नाही आंटी, साउंडमध्ये."

"साउंडमध्ये साय धरली तर तो नासला म्हणायचं."

काकूंनी स्टूल फिरवलं आणि आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसल्या. स्पीकर बघितला तर डोळा मध्ये बोलतो, असं त्यांचं म्हणणं. आमोदला सांगितलं, "एकच तुकडा वाजवायचा. तिन्ही वेळा तोच, तसाच. फरक काय करायचा तो स्पीकर करेल. तू करायचा नाहीस."

आधी आमोदच्या अॅम्पमधला त्याचा रोजचा स्पीकर. आखूड शी. "ह्याला सर्दी झालीय. पण बिचारा खोटं बोलत नाही."

मग मित्राचा तो व्हिंटेज स्टाइल, पुन्हा मागून आणलेला. लांब शी, शेपटासकट. "अजून खोकतोय का हा?"

मग रविराजने दुपटं सोडलं. काळपट पत्रा, गोल चुंबक, त्यावर विलायती नावाचं डागाळलेलं लेबल. आमोदने तारा जोडल्या, तोच तुकडा वाजवला. मला संगीतातलं फार कळत नाही, मला माणसांच्या गळ्यातलं कळतं. पण तो आवाज माणसाच्या गळ्यातला होता. कुणी तरी जेवून, पान खाऊन, निवांत बसून बोलत असावं तसा. आमोदची बोटं थांबली.

आम्ही तिघं काकूंच्या पाठीकडे बघत होतो. एक, दोन, तीन, चार. शी आली नाही.

"बघितलंस, ब्रो?" रविराज हळूच म्हणाला.

आमोदने गिटार अंगावेगळी केली, तिच्या पिशवीत घातली, चेन लावली आणि रविराजला दिली. रविराजने ती पाठीला लटकवली. "डील डन."

आमोद रिकामे हात मांडीवर ठेवून बसला. आमोद मला कधीच इतका लहान वाटला नव्हता.

आणि तेव्हा काकू स्टुलावरून फिरल्या, तो स्पीकर पुढ्यात घेतला, दोन अंगठे कोनावर ठेवले आणि कडेशी ओठ नेला. रविराज दचकला. "आंटी, हे काय, डोन्ट..."

"ह्या चाटत नाहीत," मी सांगितलं.

काकू कडेकडेने ओठ फिरवत गेल्या. अर्ध्या वाटेवर थांबल्या. मागे आल्या. पुन्हा पुढे गेल्या. मग स्पीकर खाली ठेवून त्यांनी लेबलाचा वास घेतला.

"चहा," म्हणाल्या. "साखर घातलेला. लेबल चहात भिजवलंय. आणि स्पीकर हडपसरचा आहे."

रविराज हसला. "आंटी, हा इंग्लंडचा आहे. सिक्स्टी-सेव्हन."

"सोजरचा आहे," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी फोन लावला आणि टेबलावर उताणा ठेवला. पलीकडून सोजरबाई प्रेसच्या आवाजावर आवाज चढवून ओरडल्या, "बोला श्यामलाबाईऽऽ!"

"सोजर, तुझं कापलेलं बोट कुठलं गं?"

"आँ? उजव्या हाताचं. अंगठ्याशेजारलं. ऊस तोडताना कोयता बसला न्हाय का, लगीन व्हायच्या आदी. का वो?"

"लाख कुठल्या बोटाने लावायचीस?"

"त्याच की. दुसऱ्यानं जमतच न्हाय."

काकूंनी रविराजकडे बघितलं. "कडेला हात फिरवा आपण. फिरवा, शॉक बसत नाही. लाखेच्या प्रत्येक ठिपक्याला एका अंगाने खाच आहे. सगळ्या ठिपक्यांना, एकाच अंगाने. इंग्लंडात ऊस होतो?"

रविराजने बोट फिरवलं. मग म्हणाला, "जुना आहे, आंटी. खाचा पडतात."

"सोजर, अजून एक. वेढे मोजताना सुरुवात कशी करायचीस?"

"लाभ!" सोजरबाई म्हणाल्या. "लाभ, मंग एक, दोन, तीन. खळ्यावर कसं मोजत्यात, तसं. तुमी माज्यावर किती वरडायचा!"

हे मला समजावून सांगावं लागलं. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. पण सोजरबाईंच्या घरी लाभ देवाचा, तो हिशेबात धरायचा नाही. लाभानंतर पुन्हा एकपासून सुरुवात. धान्यात त्याने कुणाचं बिघडत नव्हतं. फॅक्टरीत त्या तार गुंडाळायला बसल्या तरी पहिला वेढा लाभ, मग एक, दोन, तीन करत अठ्ठ्याऐंशी. बारा इंचीच्या कॉइलला वेढे हवेत अठ्ठ्याऐंशी. सोजरबाईंच्या प्रत्येक कॉइलला एकोणनव्वद.

"आत एकोणनव्वद आहेत," काकू म्हणाल्या. "उघडून मोजते."

"उघडायचा?" रविराजचा आवाज चिरकला, तो मी लगेच साठवून ठेवला. "आंटी, हा अनटच्ड आहे! उघडला की व्हॅल्यू झीरो! ब्रो, क्लिअर बोलतो. स्पीकर आता तुझा आहे. उघडायचा तर उघड. खोटा निघाला, गिटार परत, माझा शब्द. पण खरा निघाला तर उघडलेला स्पीकर मी परत घेत नाही. आणि गिटार माझी."

आमोदने आधी गिटारच्या पिशवीकडे बघितलं, मग स्पीकरकडे, मग माझ्याकडे. म्हणजे मी काही मदत करणार होते, अशातला भाग नाही. मी काकूंच्या विरुद्ध होते. मला वाटत होतं, माझा कान काकूंच्या ओठापेक्षा बरा आहे. तीन वर्षांत काकूंनी चांगल्या वस्तूला शी म्हटली नाही आणि वाईट वस्तूला सोडलं नाही. ह्याला शी आली नव्हती. म्हणजे हा खरा.

"खराच आहे हा," मी म्हणाले. "पैज."

"साळुंकी," काकू म्हणाल्या, "पैज कशाची?"

"खरा निघाला, तर तुम्ही आठवडाभर एकदाही शी म्हणायचं नाही."

"बरं. आणि माझं खरं झालं, तर तू माझी नक्कल करायचीस. जिन्यात नाही. इथे. माझ्यासमोर."

मी गार पडले. "तुम्हाला कसं कळलं?"

"पंपाच्या खोलीतून जिना ऐकू येतो. दुसरी शी तू जरा आखूड करतेस."

फोन अजून चालूच होता. "काय चाललंय काय तकडं?" सोजरबाईंनी विचारलं.

"उघडा," आमोद म्हणाला. इतका हळू, की रविराजने "काय?" म्हटलं. "उघडा, काकू."

काकूंनी ब्रशने कडेला थिनर लावला. खोलीभर तो वास पसरला, डोक्यात जाणारा; त्यांनी स्वतःच त्याला आखूड शी म्हटली. मग थांबल्या. थांबताना त्यांनी सगळ्यांना एक एक श्रीखंडाची गोळी दिली, रविराजलाही. कुणी चघळली नाही. दहा मिनिटांनी पातळ पातं कोनाच्या खालून गोल फिरवलं, तारा सोडवल्या, आणि तो काळा द्रोण नळीसकट वर उचलला. नळीवर तांब्याची तार, करपलेल्या साखरेच्या रंगाची.

काकूंनी चष्मा नाकावर ओढला, गोधडीची सुई घेतली आणि टोकाने एकेक वेढा मोजायला लागल्या. मोठ्याने. एक. दोन. तीन. तिशीपर्यंत आम्ही सगळे ओठांत मोजत होतो, पन्नासाला रविराजही. फोनमधून सोजरबाई आमच्या मागून, दोन आकडे उशिराने मोजत येत होत्या.

"सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी."

काकू थांबल्या. चष्मा काढला. पदराने पुसला. एक काच, मग दुसरी. ही बाई दुष्ट आहे, हे मला तेव्हाच कळलं. चष्मा लावून त्यांनी सुई पुन्हा टेकवली.

"एकोणनव्वद."

रविराजने मान हलवली. "बट आंटी, ओरिजिनललासुद्धा एटी-नाइनच असतील तर? हू नोज?"

मला हायसं वाटलं. मुद्दा बरोबर होता. मी अजून हरले नव्हते.

"बरोबर आहे आपलं," काकू म्हणाल्या. "विलायतेत किती घालतात, मला काय ठाऊक." आणि त्यांनी नळी उलटी करून बॅटरीच्या उजेडात आम्हाला आतून दाखवली.

आत जांभळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं: ८९. देवनागरीत. आणि नवाची शेपटी खाली जाऊन पुन्हा वर वळली होती, अंगाखाली शेपूट घेऊन बसलेल्या मांजरीसारखी.

मी दाराबाहेर जाऊन पाटी बघून आले. खरं तर गरज नव्हती.

"सुपरवायझर हिच्या कॉइल फेकून द्यायला सांगायचा," काकू म्हणाल्या. "तपासायला मी होते. मी कॉइल चिकटवण्याआधी आत खरा आकडा टाकायचे आणि एकोणनव्वदला एकोणनव्वदची जोडी लावून पाठवायचे. ऑर्केस्ट्रावाल्यांना दोन दोन लागायचे. दोघं सारखे असले की झालं, कोण मोजतंय?"

"मला कदी बोलला न्हाईत!" फोनमधून आवाज आला. "मला वाटायचं फेकत्यात!"

"तुला सांगितलं असतं तर तू लाभ सोडला असतास का?"

"न्हाय."

"मग?"

सोजरबाईंनी प्रेसवर आवाज न चढवता, अगदी साध्या आवाजात विचारलं, "वाजतो व्हय अजून?"

"वाजतो," काकू म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

रविराज गॉगल डोळ्यांवर घेऊन परत डोक्यावर ढकलत होता. "आंटी, मलापण कुणीतरी चिकटवलाय हा. आय स्वेअर."

"आपण फसलात की फसवत होतात, ते आपलं आपण घरी जाऊन ठरवा. गिटार खाली ठेवा."

त्याने ठेवली. शब्द पाळला, एवढं त्याच्या बाजूने लिहायला हवं. आमोदने चेन उघडून आत हात घातला, नुसता हात, गिटार बाहेर काढली नाही.

"पण काकू," तो म्हणाला, "आवाज तर ह्याचाच भारी होता."

"आहेच. मी कुठे शी म्हटलं? स्पीकर खोटा नाही. लेबल खोटं आहे."

इथेच रविराजने निघायला हवं होतं. पण तो दारात वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक चांगली कल्पना आलेली मला दिसली. "आंटी, एक करा ना. परत चिकटवा. परफेक्ट. आणि लेबल तेवढं राहू द्या. कोणालाच कळणार नाही."

काकूंचा वरचा ओठ केसभर वर गेला. डावी नाकपुडी हलली. आवाज झाला नाही.

रविराजने दुपटं उचललं आणि गेला. दुपटंच नेलं, स्पीकर विसरला. दोन महिने झाले, अजून आलेला नाही. काकूंनी कोन पुन्हा बसवला, लेबल थिनरने उतरवलं, आणि रोज संध्याकाळी आमोद हिंजवडीहून आला की बूट घालूनच खाली जातो आणि त्याच स्पीकरवर वाजवतो. वाजवतो अजूनही वाईटच. आता सबब नाही, एवढंच.

राहिली माझी पैज.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता खोलीत मी उभी होते. काकू स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून. डोळा मध्ये बोलतो ना. आमोद दारात. यज्ञेश्वर आजोबा घरून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले होते. "सोसायटीचा कार्यक्रम असला की सेक्रेटरीने हजर राहायला हवं हो," म्हणाले आणि हवा आत ओढली.

मी आखूड शी केली. काकूंची पाठ हलली नाही.

लांब शी केली, ह्या वेळी शेपूट पुरतं सोडलं. पार्किंगमधलं मांजर स्कूटरवरून उतरलं. आमोदने टाळी वाजवायला हात वर केले आणि काकूंची पाठ बघून खाली घेतले.

"तिसरी," काकू म्हणाल्या.

"तिला आवाज नसतो, काकू. तुम्हाला ऐकू कशी येणार?"

स्टूल फिरलं. त्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि फाटलेल्या कोनाकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. "कर."

मी वरचा ओठ केसभर वर नेला. डावी नाकपुडी हलवायला गेले, तर दोन्ही हलल्या. पुन्हा केलं. पुन्हा दोन्ही. आजोबा हवा ओढायचे थांबले होते.

काकूंनी माझ्या तोंडासमोर हात नेला, दोन अंगठे माझ्या गालांवर ठेवले, हलकेच दाबले आणि ओठ न लावता, डोळे मिटून, थोडा वेळ तशाच राहिल्या. मग हात काढून घेतले.

"व्हिंटेज स्टाइल," म्हणाल्या, आणि पुढचा स्पीकर ओठाशी नेला.